पेस्टचा थेंब आणि चार स्क्रू: पहिल्यांदाच प्रोसेसर कूलर बसवताना

नवा कूलर खोक्यातून काढलात की त्याचा तळ उजेडात तिरपा धरून बघा. लांबून आरशासारखा वाटणारा तो तांब्याचा तुकडा जवळून तसा नसतो. मशीनने तासल्याच्या बारीक रेघा त्यावर ओढलेल्या दिसतात. काही कूलरवर त्या इतक्या ठळक असतात की नख आडवं फिरवलं तर खरखर जाणवते. प्रोसेसरच्या डोक्यावर जे धातूचं झाकण असतं त्याचंही तेच. डोळ्याला सपाट दिसतं, पण ते कुठे किंचित फुगलेलं असतं, तर कुठे किंचित बसकं.

असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की ते खरे टेकतात फक्त उंचवट्यांवर. बाकीच्या खळग्यांत हवा अडकून राहते, आणि हवेइतका उष्णतेचा कंजूष वाहक शोधून सापडणार नाही. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, ॲल्युमिनियमची २३५ च्या आसपास, आणि हवेची ०.०२६. झाकण आणि कूलर यांच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टच्या पाकिटांवर बहुधा ४ ते १४ यांमधला आकडा छापलेला असतो. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली, पण तांब्यापुढे अगदीच किरकोळ.

हे आकडे लक्षात ठेवलेत तर पुढचं सगळं आपोआप कळत जाईल. पेस्टचं काम हवेला हाकलून लावणं एवढंच आहे. धातू धातूला जितका भिडतोय तितका भिडू द्यायचा, आणि उरलेल्या खळग्यांत पेस्ट भरायची. ‘थोडी जास्त लावली की जास्त थंड राहील’ असं नव्याने शिकणाऱ्याला वाटतं, पण तसं होत नाही. जाड थर म्हणजे तांब्याच्या आड उभी केलेली भिंत.

एक सोपा हिशेब करून बघू. ४० बाय ४० मिलिमीटरचं झाकण आहे, प्रोसेसर १०० वॅट उष्णता टाकतोय आणि मधलं अंतर ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढं आहे. या अंतरात फक्त हवा असती तर झाकण आणि कूलर यांच्या तापमानात १२० अंशांचा फरक पडला असता. तिथे ५ वाहकतेची साधी पेस्ट असेल तर हाच फरक एका अंशाच्याही खाली येतो. प्रत्यक्षात उष्णता झाकणाच्या मधल्या भागात एकवटलेली असते, त्यामुळे आकडे इतके नेटके येत नाहीत. पण हवा आणि पेस्ट यांच्यातली दरी केवढी मोठी आहे ते यावरून दिसतं. साधी पेस्ट आणि महागडी पेस्ट यांच्यातला फरक किती छोटा असणार, हेही त्यातच आलं.

पेस्ट कोणती घ्यायची

यावर फार वेळ घालवू नका. नावाजलेल्या कंपनीची, सिरिंजमध्ये येणारी, वीज न वाहणारी कुठलीही पेस्ट चालेल. बहुतेक पेस्ट म्हणजे सिलिकॉन तेलासारख्या चिकट द्रवात कालवलेली झिंक ऑक्साइडची किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड. एक ग्रॅमची सिरिंजही दोन-चार वेळा पुरते.

लिक्विड मेटल मात्र पहिल्या खेपेला घेऊ नका. तो गॅलियमचा मिश्रधातू असतो. त्यातून उष्णता झकास वाहते, पण वीजही वाहते, त्यामुळे एक थेंब ओघळून मदरबोर्डवर गेला तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. शिवाय गॅलियम ॲल्युमिनियमला अक्षरशः पोखरून ठिसूळ करतं, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या तळाच्या कूलरवर ते कधीच लावायचं नसतं. टूथपेस्ट लावून काम भागतं असं सांगणारे भेटतील. पहिले काही तास भागेलही. मग तिच्यातलं पाणी उडून जातं आणि मागे खडूसारखी कोरडी खपली राहते.

प्रोसेसरसोबत खोक्यात आलेला कूलर बसवत असाल तर त्याच्या तळाशी राखाडी चौकोन किंवा पट्टे आधीच लावलेले असतील. ती पेस्टच आहे. तिला बोट लावायचं नाही आणि तिच्यावर दुसरी पेस्टही घालायची नाही. ती पुसली गेली, तिला धूळ लागली किंवा कूलर एकदा बसवून काढला, तर मात्र सगळी साफ करून नवी लावायची.

पेस्ट उघडण्याआधी एक कोरडी तालीम

माझ्या मते हा या कामातला सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि नवखे लोक नेमका हाच गाळतात. कूलर पेस्टशिवाय एकदा पूर्ण जागेवर ठेवून बघा. स्क्रू दोन-दोन आटे फिरवून बघा, मग काढून घ्या. पेस्ट लावल्यानंतर ‘अरे, हा ब्रॅकेट उलटा लागलाय’ असं लक्षात आलं की घाई होते, आणि सगळी गडबड त्या घाईत होते.

तालमीत काय बघायचं? कूलर अडकवायचे ब्रॅकेट तुमच्या सॉकेटचेच, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचेच, आहेत ना. एकाच खोक्यात इंटेलचे आणि एएमडीचे दोन्ही भाग येतात आणि ते दिसायला सारखेच असतात. मदरबोर्डच्या मागची बॅकप्लेट जागेवर आहे ना. एएम४ बोर्डावर (एएम४ हे एएमडीचं आधीचं सॉकेट, एएम५ त्यानंतरचं) वरचे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट सोडवले की मागची प्लेट सुटी होऊन खाली पडते, तेव्हा एक हात मागे ठेवा. एएम५ वर ती सॉकेटच्याच स्क्रूंनी धरलेली असते, त्यामुळे पडत नाही. कूलरचा पंखा रॅमच्या काड्यांवर चढतोय का तेही बघा. उंच टॉवर कूलरमध्ये ही अडचण हमखास येते, आणि पंखा थोडा वर सरकवून ती बहुधा सुटते. वारा कुठून कुठे जाणार आहे ते ठरवून ठेवा. पंख्याच्या ज्या बाजूला जाळीसारख्या आडव्या दांड्या आणि मोटरचं स्टिकर असतं, त्या बाजूने वारा बाहेर पडतो. तो कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जायला हवा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ असं लिहिलेल्या जागेपर्यंत पोहोचतेय का, तेही आत्ताच बघून घ्या.

आणि कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म. तिच्यावर कधी इशारा छापलेला असतो, कधी काहीच नसतं. काहीच नसेल तेव्हा ती अजिबात दिसत नाही. एका मित्राचा कॉम्प्युटर चालू केल्यावर दोन मिनिटांत धापा टाकू लागला म्हणून मी कूलर उघडला, तर पेस्ट अगदी व्यवस्थित पसरलेली होती, पण प्लॅस्टिकवर. त्याने लावण्यात काहीच चूक केलेली नव्हती. फक्त ती फिल्म त्याच्या नजरेला आली नव्हती. तेव्हापासून मी तळाच्या कोपऱ्याला नख लावून बघतो, डोळ्यांवर विसंबत नाही.

शक्य असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच कूलर बसवा. बोर्ड टेबलावर आडवा असला की कूलर आपल्या वजनाने सरळ खाली बसतो. उभ्या कॅबिनेटमध्ये तोच कूलर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवावे लागतात, आणि तेवढ्यात तो तिरपा होतो. कॅबिनेटमध्येच बसवायचा असेल तर निदान कॅबिनेट आडवं पाडून घ्या.

जुना कूलर काढणं

कॉम्प्युटर नवा जोडत असाल तर हा भाग सोडून द्या.

जुना कूलर काढताना आधी कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालवा, एखादं जड काम करायला लावा. पेस्ट गरम झाली की मऊ होते. मग बंद करा, वीजपुरवठ्याची वायर काढा आणि स्क्रू आळीपाळीने सैल करा. आता कूलर सरळ वर ओढू नका. आधी तो डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला.

एएम४ आणि त्याआधीच्या एएमडी सॉकेटवर हे फार महत्त्वाचं आहे. तिथे पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, एएम४ ला तब्बल १३३१, आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये फक्त त्या पिनांच्या घट्टपणावर अडकलेला असतो. सुकलेल्या पेस्टची पकड त्याहून मजबूत ठरते. कूलर जोरात वर ओढला की प्रोसेसर त्याला चिकटूनच बाहेर येतो, कधी सरळ तर कधी वाकड्या पिना घेऊन. एएम५ वर आणि इंटेलच्या सॉकेटवर प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे हा धोका नाही. तरी फिरवून काढायची सवय तिथेही चांगली.

साफसफाई

आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल, ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध. सोबत धागे न सोडणारं कापड, चष्मा पुसायचा रुमाल किंवा कॉफी गाळायचा कागदी फिल्टर घ्या. कापूस नको, त्याचे तंतू मागे राहतात. नखांचा रंग काढायचं द्रावणही नको, त्यात तेलकट आणि सुगंधी पदार्थ असतात.

आधी कोरड्या कागदाने जुन्या पेस्टचा जाड थर उचलून घ्या. कडेकडून मध्ये पुसत या, म्हणजे ती बाजूला सॉकेटवर सांडणार नाही. मग कापड अल्कोहोलने ओलं करा, थेंब गळेल इतकं नाही, आणि कापडावर राखाडी डाग उमटायचा थांबेपर्यंत पुसा. सुकून खडे झालेल्या पेस्टवर ओलं कापड मिनिटभर ठेवून द्या, ती सुटते. पटाशी, ब्लेड, स्क्रूड्रायव्हर असलं काहीही धातूवर चालवू नका.

नवाकोरा प्रोसेसर आणि नवाकोरा कूलर यांवरूनही एकदा अल्कोहोलचा हात फिरवा. हाताळताना बोटांचं तेल लागलेलंच असतं. पुसल्यावर दोन मिनिटं सुकू द्या, आणि मग त्या जागेला बोट लावू नका. हे सगळं करताना अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

पेस्ट लावणं

प्रोसेसर आधी सॉकेटमध्ये बसवून, खटका किंवा चौकट नीट बंद केलेली हवी. प्रोसेसर हातात धरून त्यावर पेस्ट लावायची आणि मग तो सॉकेटमध्ये ठेवायचा, असं कधीही करू नका. इंटेलच्या आणि एएम५ च्या सॉकेटमध्ये केसासारख्या नाजूक पिना असतात. तिथे पेस्ट सांडली तर ती पुसता पुसता पिना वाकतात.

सिरिंज थंड असेल तर दोन-तीन मिनिटं मुठीत धरा, पेस्ट सैल होते. टोपण काढलं की पहिला थेंब कागदावर सोडा. बरेच दिवस पडून असलेल्या सिरिंजच्या तोंडाशी तेल वेगळं होऊन साचलेलं असतं. कागदावर पिवळसर ओला डाग उमटला तर आणखी थोडी सोडा. पेस्ट एकसारखी, गुळगुळीत राखाडी यायला लागली की ती वापरायची.

आता किती? सगळीकडे ‘वाटाण्याएवढी’ असं सांगितलेलं असतं, आणि त्या शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते. टपोरा ताजा वाटाणा ८ मिलिमीटरचा असतो. तेवढी पेस्ट म्हणजे गरजेच्या तिप्पट-चौपट. ५ मिलिमीटर व्यासाची गोळी धरा, म्हणजे करंगळीच्या नखाच्या निम्म्या रुंदीएवढी. तिचं घनफळ ६५ घन मिलिमीटर होतं. ४० बाय ४० च्या झाकणावर ती एकसारखी पसरली तर थर ०.०४ मिलिमीटरचा बसेल. वर ज्या केसाच्या जाडीचा हिशेब केला, जवळपास तोच हा.

सिरिंजचं तोंड झाकणाच्या बरोबर मध्यभागी, पृष्ठभागाच्या अगदी जवळ, उभं धरा. दांडा सावकाश दाबा. गोळी फुगत जाईल, तसं तोंड किंचित वर घ्या. हवी तेवढी झाली की दाबणं थांबवा आणि सिरिंज गोल फिरवून झटक्यात वर घ्या, म्हणजे पेस्टची शेपटी लांबत नाही. थोडं टोक वर राहिलं तरी चालतं, कूलर ते दाबून टाकतो.

इंटेलच्या एलजीए १७०० आणि १८५१ सॉकेटचे प्रोसेसर चौरस नसून लांबट असतात, ३७.५ बाय ४५ मिलिमीटर. तिथे एका गोळीऐवजी लांबीच्या दिशेने दोनेक सेंटिमीटरची बारीक रेघ ओढा. गोळी, रेघ, फुली, चार कोपऱ्यांना चार ठिपके आणि मध्ये एक, या पद्धतींवर लोक तासन्‌तास वाद घालतात. पेस्ट पुरेशी असेल आणि दाब सारखा असेल तर तापमानात एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक पडतो, तेवढ्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

चमच्यासारख्या पट्टीने आधीच सारखी पसरायची का? फार घट्ट पेस्ट असेल आणि सोबत पट्टी दिली असेल तर पसरा. एरवी मी गोळीच पसंत करतो. मधला उंचवटा दाबला गेला की तो हवेला बाहेर ढकलत ढकलत कडेला जातो. हाताने पसरलेला थर कधीच पुरता सपाट होत नाही, आणि वर कूलर टेकला की त्याच्या खळग्यांत हवेचे बुडबुडे कोंडले जातात. बोटाने तर पसरूच नका. बोटाचं तेल पेस्टला लागतं आणि पेस्ट बोटाला. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

एएम५ च्या प्रोसेसरचं झाकण कोळ्यासारखं दिसतं. कडेला खाचा आहेत आणि खाचांमध्ये बारीक कपॅसिटर उघडे आहेत. पेस्ट ओघळून तिथे जाईल म्हणून बरेच जण धास्तावतात. साधी पेस्ट वीज वाहत नाही, त्यामुळे तिथे गेली तरी काही बिघडत नाही, फक्त पुढच्या खेपेला पुसताना कान साफ करायची काडी घेऊन बसावं लागतं.

कूलर खाली बसवणं आणि स्क्रू

कूलर दोन्ही हातांनी धरून बरोबर वर आणा, स्क्रू भोकांच्या रेषेत आहेत हे वरून बघा, मग सरळ खाली सोडा. टेकल्यावर फिरवू नका, सरकवू नका. आणि टेकल्यावर पुन्हा उचलून ‘पसरली का बघू’ असंही करू नका. उचललेली पेस्ट दोन्हीकडे ओबडधोबड फाटते, आणि पुन्हा ठेवली की त्या खडबडीत भागांत हवा कोंडते. उचललाच तर दोन्ही बाजू पुसून नवी गोळी, याला दुसरा पर्याय नाही.

आता स्क्रू. पेस्ट कशी पसरेल ते तुमच्या गोळीच्या आकारापेक्षा तुमच्या स्क्रूड्रायव्हरवर जास्त ठरतं, आणि मला या लेखात सगळ्यात जोर देऊन सांगायचंय ते हेच.

माझ्या मावसभावाने पहिला कॉम्प्युटर जोडला तेव्हा त्याने एक स्क्रू पूर्ण आवळला, मग शेजारचा, मग तिसरा. चौथ्याचा आटाच लागेना, म्हणून त्याने जोर लावून तो बसवला. जड कामाला प्रोसेसर ९२ अंशांवर. महाग पेस्ट मागवू का, असं मला विचारत होता. आम्ही कूलर उचलला. एका कडेला पेस्ट साबणाच्या वडीसारखी जाड साचलेली, समोरच्या कडेला धातू जवळजवळ कोरडा. कूलर पाचरीसारखा तिरपा बसला होता. आम्ही सगळं पुसलं, त्याच सिरिंजमधली तीच पेस्ट लावली आणि स्क्रू तिरक्या जोड्यांनी आवळले. तेच काम करताना तापमान ७४ वर थांबलं.

तिरक्या जोड्यांनी म्हणजे असं. चारही स्क्रू आधी हाताने, फक्त आटा पकडेल इतके. मग वरचा डावा दोन आटे, त्याच्या समोरचा खालचा उजवा दोन आटे. मग वरचा उजवा दोन, खालचा डावा दोन. पुन्हा पहिल्यापासून. कूलर चारही बाजूंनी एकाच वेळी, सारखा खाली यायला हवा. दोनच स्क्रूंचा कूलर असेल तर आलटून पालटून दोन-दोन आटे. स्क्रूंना स्प्रिंग असेल तर दाब किती द्यायचा ते स्प्रिंगच ठरवते. स्क्रू आपोआप थांबतो, तिथे तुम्हीही थांबा. ताकद लावून आणखी पाव आटा फिरवला तर बोर्ड वाकतो आणि हाती काही लागत नाही.

इंटेलच्या काही कूलरला स्क्रूऐवजी चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. बसवण्याआधी प्रत्येक खुंटीची टोपी बाणाच्या उलट दिशेने शेवटपर्यंत फिरवून ठेवा. बाणाच्या दिशेने फिरवली की ती सुटते. मग समोरासमोरच्या दोन खुंट्या एकाच वेळी दाबा, नंतर उरलेल्या दोन. प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज यायला हवा. बोर्डाच्या मागून बघा: चारही भोकांतून पांढरे पाय बाहेर आलेले आणि त्यांच्या मध्ये काळी पिन शिरलेली दिसली पाहिजे. एखादी अर्धवट असेल तर कूलर हाताने हलवला की तो कोपरा डोलतो. कॉम्प्युटर चालू करण्याआधी हे डोलणं नक्की तपासा.

बाजूने किंचित पेस्ट बाहेर आलेली दिसली तर राहू द्या. भरपूर ओघळली असेल तर कडेची तेवढी पुसा, कूलर काढू नका.

पहिल्यांदा चालू करताना

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’च्या जागी लावा. ती विसरली तर बरेच मदरबोर्ड चालू होतानाच पंख्याची चूक दाखवून थांबतात. पाण्याचा कूलर असेल तर पंपाची वायरही लागली आहे ना ते बघा.

थेट विंडोज उघडायची घाई नको. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा आणि प्रोसेसरच्या तापमानावर पाच मिनिटं लक्ष ठेवा. ३५ ते ५० अंशांच्या मध्ये कुठेतरी जाऊन स्थिरावलं तर ठीक. बायोसमध्ये वीज वाचवायच्या सगळ्या युक्त्या चालू नसतात, त्यामुळे तिथला आकडा नंतरच्या रिकाम्या डेस्कटॉपपेक्षा थोडा जास्त दिसतो. पण आकडा सेकंदासेकंदाला चढत ७०, ८० पार करत असेल तर लगेच बंद करा. कूलर टेकलेला नाही, फिल्म राहिलीय किंवा पंप फिरत नाहीये. घाबरू नका, आजचे प्रोसेसर खूप तापले की आधी वेग उतरवतात आणि तरी भागलं नाही तर स्वतः बंद होतात.

मग विंडोजमध्ये तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू करून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि तापमानाचा सगळ्यात वर गेलेला आकडा बघा. तो ‘जास्त’ आहे की नाही हे प्रोसेसरनुसार ठरतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश, बहुतेक रायझन ७००० ची ९५, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीची १००. वरच्या श्रेणीचे रायझन ७००० तर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत, तिथे ९५ दिसले म्हणजे पेस्ट चुकली असं नाही. मधल्या श्रेणीचा ६५ वॅटचा प्रोसेसर चांगल्या कूलरखाली ९० गाठत असेल तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय. खोलीचं तापमानही हिशेबात धरा. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जातो.

आकडा पटला नाही तर

कूलर उचला आणि ठसा वाचा. दोन्ही पृष्ठभागांवर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसेल. ती उचलताना पेस्ट ताणली गेल्यामुळे उमटते, तिला दोष समजू नका. मध्यभागी थर इतका पातळ असेल की खालचा धातू धुरकट दिसतोय, तर उत्तम, तिथे दाब पूर्ण बसलाय. बरेच नवखे हे बघून ‘मध्ये पेस्टच नाही’ म्हणतात आणि पुढच्या वेळी दुप्पट लावतात.

एक बाजू जाड, दुसरी कोरडी: तिरपा बसला, स्क्रू पुन्हा. सगळीकडेच जाड, मऊ, दह्यासारखा थर: दाब कमी पडला, ब्रॅकेट चुकीचा आहे किंवा एखादा स्क्रू शेवटपर्यंत गेला नाही. पेस्टचं छोटं वर्तुळ आणि भोवती रुंद कोरडा पट्टा: पेस्ट कमी. नुसते चार कोपरे कोरडे असतील तर त्याची काळजी नको, उष्णता कोपऱ्यांतून येत नाही.

ग्राफिक्स कार्ड आणि लॅपटॉप

तिथे झाकण नसतं, चिप उघडी असते. त्यामुळे तिचा प्रत्येक कोपरा झाकला जाणं गरजेचं आहे, आणि पेस्ट पट्टीने पूर्ण पसरणंच बरं. चिप काचेसारखी ठिसूळ असते, स्क्रू एका बाजूने आवळले तर तिचा कोपरा उडू शकतो. आजूबाजूच्या मेमरीवर जे रबरासारखे पॅड असतात त्यांच्या जागी पेस्ट भरू नका. तिथलं अंतर जाड असतं, पेस्ट ते भरून काढू शकत नाही. पॅड फाटला तर त्याच जाडीचा नवा लागतो. सततच्या गरम-थंड होण्याने उघड्या चिपवरची पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते, म्हणून लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट किंवा गरम झाल्यावर मऊ होणारी फेज चेंज शीट जास्त टिकते. पहिला हात डेस्कटॉपवर बसवा, मग याकडे वळा.

पुन्हा कधी

ठरावीक मुदत नाही. चांगली पेस्ट झाकणाच्या प्रोसेसरवर काही वर्षं सहज टिकते. दर सहा महिन्यांनी उगाच कूलर उचलणाऱ्यांचं मला पटत नाही, प्रत्येक उचलणं ही नवी चूक व्हायची संधी असते. तापमान चढलेलं दिसलं तर आधी कूलरच्या पात्यांतली धूळ काढा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. तरीही फरक पडला नाही तरच पेस्टकडे जा.

उरलेल्या सिरिंजचं तोंड पुसून टोपण घट्ट लावा आणि ती उन्हापासून लांब, उभी, टोपण खाली करून ठेवा. आज सिनेबेंचमध्ये आलेला आकडा, खोलीचं तापमान आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवा. तीन वर्षांनी पत्रा उघडाल तेव्हा तेच काम पुन्हा चालवून बघा, पेस्ट बदलायची की नाही ते ती चिठ्ठी सांगेल.